चाळीस मुलं, एक अर्ज आणि पोच

वस्तीतल्या मुलांविषयी वाचकांनी पाठवलेल्या पत्रांना या महिन्यात उत्तरं देत आहेत पुण्याच्या झोपडपट्ट्यांमध्ये २९ वर्षं अंगणवाड्यांचं काम पाहिलेल्या एक निवृत्त पर्यवेक्षिका.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या शेजारी टॉवरचं काम सुरू आहे. मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या कुंपणाला लागूनच आहेत. लहान मुलं दिवसभर वाळूत खेळतात. आम्ही सात-आठ जणी दर रविवारी बिस्किटं, केळी, जुने कपडे देतो. पण आता मुलं रविवारी सकाळपासून गेटपाशी येऊन थांबतात आणि मलाच कसंतरी होतं. आणखी काय करता येईल?
– एक वाचक, वाकड

उत्तर : केळी चालू ठेवा, बिस्किटं बंद करा. पुडा खाल्ला की पोरगं संध्याकाळी भाकरीला तोंड लावत नाही आणि आई समजते, पोट भरलंय. वजनकाट्याला मात्र बिस्किट कळत नाही. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता पुडा दिसला तरी माझ्या कपाळावर आठी पडते.

तुम्हाला कसंतरी होतं म्हणता, म्हणून पुढचं सांगते. आधी मुलं मोजा. अंदाजे नको, वहीत. नाव, वय, आई कुठे कामाला जाते, मूल दिवसभर कोणाजवळ असतं. आणि मोजायला दुपारी जा. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला ओढ्याकाठच्या एका वस्तीत मी सकाळी अकरा वाजता सर्वेक्षण केलं, सहा वर्षांखालची ३१ मुलं भरली. नोंदवही मिटली, खूश होऊन घरी आले. तिथली एक आजी दुसऱ्या दिवशी म्हणाली, "बाई, कुलपामागची धरली का?" मला अर्थच कळेना. बाया धुण्याभांड्याला जाताना धाकट्यांना थोरल्या बहिणीच्या ताब्यात देऊन बाहेरून कडी लावून जात. त्या दाराला कुलूप बघून मी 'घर बंद' असं लिहून पुढे गेले होते. परत फिरले तेव्हा आकडा ४७ झाला. त्या थोरल्या बहिणी आठ-नऊ वर्षांच्या होत्या, आणि त्यांची नावं कुठल्याच शाळेच्या पटावर नव्हती. ते मोजायचं आमच्या नोंदवहीत रकानाच नव्हता.

३१ आणि ४७ मधला फरक महत्त्वाचा का? अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ रोजी आदेश दिला की, ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथल्या लोकांनी मागणी केली की तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी मिळाली पाहिजे. झोपडपट्टीचा उल्लेख त्यात स्पष्ट आहे. म्हणजे ३१ मुलं असली तर विनंती, ४७ असली तर हक्क.

मी तेव्हा सरकारी नोकरीत. अर्ज करणाऱ्यांत माझं नाव असणं शक्य नव्हतं. पण आदेश आल्यावर त्याच वस्तीतल्या बायांसोबत चहा पिताना मी मोठ्याने विचार करत बसले आणि एका दहावी झालेल्या पोरीने तो कागदावर उतरवला, इतकंच. एका कार्यालयात त्यांना सांगितलं गेलं, वस्ती अनधिकृत आहे, बघू. दुसऱ्या वेळी साहेब नव्हते. तिसऱ्या वेळी बाया अर्जाची दुसरी प्रत घेऊन गेल्या आणि तिच्यावर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय उठल्या नाहीत. तिथून पुढे सात महिने लागले. तीन नव्हे, सात. खोली नव्हती, म्हणून पहिले काही महिने अंगणवाडी देवळाच्या ओट्यावर भरली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी अनुताई वाघांबरोबर बोर्डीला १९४५ मध्ये काम सुरू केलं, तेव्हा बालवाडीपर्यंत न येणाऱ्या मुलांच्या अंगणातच त्या बालवाडी घेऊन गेल्या. नाव पडलं ते त्यावरून.

तुमच्या शेजारच्या मुलांचं अजून एक आहे. बांधकाम मजुरांसाठी १९९६ चा वेगळा कायदा होता, २०२५ मध्ये तो नव्या कामगार संहितांत गेला. जुन्या कायद्यात कामावर ५० हून जास्त बायका असतील तर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली आणि सांभाळायला बाई देणं मालकाला बंधनकारक होतं; आताची अट कामगार कार्यालयात विचारून घ्या. ठेकेदार आकडा कमीच सांगेल. म्हणून तेही मोजा. शिवाय बिल्डर बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर भरतो, तो इमारत बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे जातो. मंडळात नोंद असलेल्या मजुराच्या मुलांना पहिली ते सातवी वर्षाला २,५०० आणि आठवी ते दहावी ५,००० रुपये मिळतात. नोंद होण्यासाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि घोडं तिथेच पेंड खातं, कारण दाखला ठेकेदाराने द्यायचा असतो. मजुराच्या बायकोने मागितला तर तो उद्या ये म्हणतो. सोसायटीच्या आठ बायका तिच्यासोबत गेल्या की त्याला पेन सापडतं. रविवारचा तुमचा एक तास तिथे घाला.

आणि मुलं कर्नाटकातली आहेत, बिहारची आहेत, आधार नाही, असं कुणी सांगू लागलं तर ऐकून घेऊ नका. पोट गाव बघून भूक लावत नाही.

प्रश्न : ज्यांना पोसता येत नाही त्यांनी मुलं जन्माला का घालावीत? धान्य फुकट, खिचडी फुकट, वह्या फुकट. अशाने माणसं आळशी होतात. आम्ही गरिबीतूनच वर आलो, आम्हाला कुणी काही दिलं नाही.
– निवृत्त बँक अधिकारी, सदाशिव पेठ

उत्तर : काका, तुमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाई पहाटे किती वाजता उठतात, एवढं एकदा विचारा. माझ्या ओळखीच्या बहुतेक जणी चारला उठतात, कारण नळाला पाणी तेव्हा येतं. आणि तुम्हाला काही मिळालं नाही म्हणता. नगरपालिकेच्या शाळेत फी किती होती तुमच्या वेळी?

मुलांच्या संख्येबद्दल मी वाद घालत नाही. समोर बसलेल्या तीन वर्षांच्या पोरीने जन्माचा अर्ज केलेला नव्हता. २०१३ मध्ये अन्नसुरक्षा कायदा आला तेव्हा त्याने तिला रोज ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं देऊ केली. वाटीभर खिचडी आणि थोडी उसळ. त्याने कुणी आळशी झालेलं मी पाहिलं नाही. ते न मिळाल्याने झोपाळू झालेली मुलं पुष्कळ पाहिली, त्यांना शाळेत 'मठ्ठ' म्हणत.

प्रश्न : माझा मुलगा दोन वर्षांपूर्वी वारला. मी आणि सून धुणीभांडी करतो. नातू आठ वर्षांचा आहे, गावाकडं दुसरीत असताना शाळा सुटली. इथं शाळेत नेला तर दाखला आणा, आधार आणा म्हणाले. नात चार वर्षांची, ती माझ्यासंगं कामाच्या घरी येते. काय करावं? (पत्र शेजारच्या मुलीनं लिहिलंय.)
– जनता वसाहत, पर्वती

उत्तर : मावशी, आधी नातवाचं. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. दवाखान्याची किंवा अंगणवाडीची नोंद चालते, तीही नसली तर सुनेने वयाचं लेखी दिलं तरी चालतं. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, हे कारणसुद्धा चालत नाही. तो शाळांनी आपापसांत मागवायचा. आधार नाही म्हणून मुलाला शाळेबाहेर ठेवता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच सांगितलंय. आणि पोराला पहिलीत बसवतील तर बसवू देऊ नका. वयाप्रमाणे त्याला तिसरीत घ्यायचं आणि मागे राहिलेलं वेगळं शिकवायचं, असा कायदा आहे. आठ वर्षांचा मुलगा सहा वर्षांच्या पोरांत बसवला की दिवाळीपर्यंत शाळा सोडतो.

शाळेत एकट्या जाऊ नका. पत्र लिहिणाऱ्या मुलीला सोबत न्या आणि मुख्याध्यापकांना म्हणा, "नाही म्हणताय ते लिहून द्या." लिहून कुणी देत नाही. प्रवेश देतात.

नात चार वर्षांची आहे तर तिचं नाव जवळच्या अंगणवाडीत घाला. सकाळचा नाश्ता आणि गरम जेवण तिथे मिळेल. पण अंगणवाडी दुपारी सुटते आणि तुमचं काम संध्याकाळपर्यंत, हे मला ठाऊक आहे. हा आमच्या योजनेतला जुना खड्डा आहे, तो अजून कुणी बुजवलेला नाही. तुमच्या गल्लीत चार-पाच जणींची अशीच अडचण असणार. घरीच असणाऱ्या एखादीला थोडे थोडे पैसे देऊन दुपारची मुलं तिच्याकडे ठेवतात, तसं जमतंय का बघा. पण कडी लावून जाऊ नका.

आता पैशाचं. वडील नसलेल्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे, दर मुलामागे महिन्याला २,२५० रुपये. तुमची दोन्ही नातवंडं त्यात बसतात. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याच्या कार्यालयात अर्ज करायचा, पुढे बालकल्याण समिती आदेश काढते. मुलाच्या मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला आधी गोळा करा. कोरोनात नवरा गेलेल्या बायांपर्यंत ही योजना पोहोचावी म्हणून हेरंब कुलकर्णी आणि एकल महिला पुनर्वसन समितीचे कार्यकर्ते गावोगाव फिरले, म्हणून आज निदान नाव तरी ठाऊक आहे. 'पाचशे द्या, करून देतो' म्हणणारा कुणी आला तर दार लावून घ्या. आणि रेशनकार्डावर दोन्ही नातवंडांची नावं आहेत का, ते आजच बघा. प्राधान्य कुटुंबाचं कार्ड असेल तर माणशी ५ किलो धान्य मिळतं, लहान मुलाचंही पूर्ण ५ किलो.

प्रश्न : मी समाजकार्याचा विद्यार्थी आहे. एका वस्तीत दोन वर्षं काम करतो. निवेदनं देऊन देऊन थकलो. मोर्चा, धरणं, निवेदन यांनी मुलांच्या आयुष्यात खरंच काही फरक पडतो का?
– पिंपरी

उत्तर : पडतो. पण जे पोर पाहून तुम्ही निवेदन लिहिता, त्याला बहुतेकदा त्याचा उपयोग होत नाही. त्याच्या धाकट्या भावाला होतो. हे पचवायला जड आहे.

पूर्वी शाळेतल्या मुलांना महिन्याला ३ किलो तांदूळ मिळायचा. तो घरी जायचा आणि घरभर वाटला जायचा. २००१ मध्ये राजस्थानातल्या कार्यकर्त्यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, २८ नोव्हेंबरला आदेश आला की, शाळेत शिजवलेलं अन्न द्या. त्यानंतर तांदळाचा भात होऊन पोराच्या ताटात पडू लागला.

आपल्या पुण्यातलंच बघा. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ मध्ये उभी राहिली, बाबा आढावांच्या पुढाकाराने. कचरा वेचणाऱ्या बायांनी महापालिकेकडून ओळखपत्रं मिळवली. अस्वच्छ व्यवसायातल्या पालकांच्या मुलांसाठी शिष्यवृत्ती होती, पण कचरावेचक त्यात धरले जात नव्हते. भांडून ते धरायला लावलं. आईच्या गळ्यात ओळखपत्र आलं, की पोलीस चोर म्हणून हटकत नाही, कमाई बुडत नाही आणि पोरीला पाठीवर पोतं घ्यावं लागत नाही. मुलांची गरिबी हटवायची असेल तर आईच्या कामापासून सुरुवात करावी लागते, हे मी त्या बायांकडून शिकले, माझ्या खात्याच्या प्रशिक्षणात नाही.

२०२४ चं तर ताजं आहे. खासगी शाळांतल्या २५ टक्के जागा गरीब मुलांसाठी असतात. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला त्यातून सूट, असा नियम राज्याने फेब्रुवारीत आणला. शहरात कुठल्या शाळेपासून किलोमीटरभरात महापालिकेची शाळा नसते? पालक आणि संघटना कोर्टात गेल्या, जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला.

तुमच्या निवेदनांच्या पोच आहेत का तुमच्याकडे? नसतील तर ती निवेदनं नव्हती, पत्रं होती. पोच असतील तर महिन्याभराने माहिती अधिकारात विचारा, अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर काय कार्यवाही केली. आणि पुढच्या वेळी निवेदन तुम्ही लिहू नका. वस्तीतल्या बाईला लिहू द्या, वेडंवाकडं का होईना. तुम्ही दोन वर्षांनी नोकरीला लागाल, ती तिथेच असणार.

प्रश्न : आमच्या गणेश मंडळाकडे यंदा वर्गणीतले ४० हजार शिल्लक आहेत. गरीब मुलांना दप्तर-वह्या वाटपाचा कार्यक्रम ठेवायचा आहे. आपण प्रमुख पाहुण्या म्हणून याल का?
– मंडळाचे कार्यकर्ते, भवानी पेठ

उत्तर : येणार नाही, रागावू नका. अशा एका कार्यक्रमाला मी पूर्वी गेले होते, नव्हे, मुलांची यादी मीच दिली होती. स्टेजवर नाव पुकारायचं, मुलीने दप्तर घ्यायचं, फोटो. पाचवीतल्या एका हुशार मुलीचा फोटो फ्लेक्सवर आला, खाली 'गरजू विद्यार्थिनी'. तो फ्लेक्स तिच्या शाळेच्या वाटेवरच्या चौकात दिवाळीपर्यंत लटकत होता. तिने ते दप्तर एकदाही वापरलं नाही. प्लास्टिकच्या पिशवीत पुस्तकं न्यायची. माझ्याशी बोलणंही तिने सोडलं, आणि त्यात तिचं काही चुकलं नाही.

तुमच्या मंडळाला खोली आहे ना? ढोल-ताशे आणि मांडवाचं सामान ठेवता ती? सामान एका बाजूला लावा. दोन ट्यूबलाइट, एक पंखा, सतरंज्या. संध्याकाळी सहा ते नऊ उघडी ठेवा. दहा बाय दहाच्या घरात टीव्ही, स्वयंपाक आणि आजारी आजोबा असतात, तिथे मूल अभ्यास कुठे करणार? वस्तीतलीच बारावी झालेली एखादी मुलगी मानधनावर नेमा, म्हणजे मुलींना घरचे पाठवतील. ४० हजारांत वर्ष निघणार नाही, सहा-सात महिने निघतील. तेवढ्यात पुढची वर्गणी येते. खोलीवर मंडळाचं नाव लिहा हवं तर, 'गरजूंसाठी' लिहू नका.

उरलेच थोडे पैसे तर मे महिन्यासाठी ठेवा. शाळेची खिचडी सुट्टीत बंद असते आणि आया कामालाच असतात. दुपारी बाराला डाळभाताचं एक पातेलं त्या खोलीत आलं तर मी नक्की येईन, वाढायला.