‘तिसऱ्यांदा बसवतोय’ म्हणजे काय?

नमस्कार,

तुमची मुलगी दोनदा नीटला बसली, मार्क कमी पडले. आता ती ग्रंथालयशास्त्राचं नाव काढते आणि तुम्ही लिहिता, ‘तिला तिसऱ्यांदा बसवतोय. डॉक्टर व्हायची सोडून पुस्तकांवरची धूळ झटकणार का?’ मार्कांचं सोडा, मला त्या ‘बसवतोय’चीच धास्ती वाटली. चार पानी पत्रात मुलीचं म्हणणं जेमतेम एका ओळीत आहे. आणि शेवटी, जाता जाता, ‘हल्ली ती जेवताना कुणाशी बोलत नाही.’ अहो, पत्राची सुरुवात इथून व्हायला हवी होती. तिसऱ्या प्रयत्नाचा विषय आधी बंद करा. पोरगी दमली आहे.

आता त्या धुळीबद्दल. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा वॉशिंग्टनची आर्मी मेडिकल लायब्ररी १८८७ च्या जुन्या इमारतीत दाटीवाटीने उभी होती. १९४९ मध्ये तिचे संचालक झालेले फ्रँक रॉजर्स लष्करातले डॉक्टर. या कामासाठी ते कोलंबिया विद्यापीठात ग्रंथालयशास्त्र शिकले. डॉक्टर असून शिकले, कारण त्याशिवाय हे काम जमणारं नव्हतं. एक लेखक ‘हार्ट अटॅक’ लिहितो, दुसरा त्यालाच ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’ म्हणतो, तिसरा जर्मनमध्ये काही वेगळंच. शोधणाऱ्याला तिन्ही लेख एका जागी मिळाले पाहिजेत. त्यासाठी कुणीतरी लेख उघडून, समजून घेऊन त्याचा विषय ठरवावा लागतो. तिथल्या कर्मचाऱ्यांनी तेच केलं. १९५६ मध्ये ती नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन झाली, १९६० मध्ये सुमारे ४,४०० विषयशीर्षकांची ‘मेश’ ही यादी निघाली, १९६४ मध्ये ‘मेडलार्स’ या संगणकीय व्यवस्थेमुळे हा शोध संगणकावर आला. तुमचे डॉक्टर आज मोबाइलवर पबमेड, म्हणजे वैद्यकीय लेख शोधायची वेबसाइट, उघडतात, ते याच कामावर उभं आहे. मुलीने दोन वर्षं घोकलेलं जीवशास्त्र इथे वाया जात नाही, उलट तेच लागतं.

वाट सरळ आहे: बीएस्सी, मग बी.लिब., एम.लिब., पुढे नेट-सेट. सरकारी जागा कमी निघतात, सुरुवातीचा पगार बेताचा असतो, हेही तिच्यापासून लपवू नका.

नीटचा फॉर्म भरण्याआधी एक दिवस रजा काढा आणि तिला जवळच्या मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत घेऊन जा. ग्रंथपालांशी तिला एकटीला बोलू द्या. तुम्ही बाहेर बाकावर थांबा.