अमेरिकेला निघण्यापूर्वी: सुगम्यतेचा कोणता कायदा कुठे उपयोगी पडतो

तुम्ही विचारले आहे की, अमेरिकेतील एका राज्य विद्यापीठात संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी तुम्ही जाणार आहात, तिथे ‘कलम ५०८’ असल्यामुळे सगळी संकेतस्थळे स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चालतात असे तुमच्या कानावर आले आहे, तर ते कितपत खरे आहे आणि त्या भरवशावर एकट्याने जावे का. मी जन्मापासून पूर्ण अंध आहे, चौदा वर्षांपासून मेरीलँडमध्ये राहतो आणि सरकारी खात्यांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या एका कंपनीत सुगम्यता तपासण्याचे काम करतो. एकट्याने जरूर या. मात्र कलम ५०८ च्या भरवशावर येऊ नका, कारण विद्यार्थी म्हणून तुमचा ज्या दारांशी रोज संबंध येईल, त्यांपैकी फार थोड्या दारांवर ते कलम लागू आहे.

हे कलम अमेरिकेच्या १९७३ च्या पुनर्वसन कायद्यात १९८६ साली घालण्यात आले, पण त्याला खरा जोर आला तो १९९८ च्या दुरुस्तीने. केंद्र सरकारच्या खात्यांनी जे संगणकीय तंत्रज्ञान विकत घ्यायचे, तयार करायचे किंवा वापरायचे, ते दिव्यांग कर्मचाऱ्यांना आणि नागरिकांना इतरांइतकेच वापरता आले पाहिजे, एवढे हे कलम सांगते. त्याची मानके ‘अ‍ॅक्सेस बोर्ड’ ही केंद्रीय संस्था ठरवते. २०१७ साली तिने ती नव्याने लिहिली आणि वेबसाठीची जागतिक मार्गदर्शक तत्त्वे, म्हणजे डब्ल्यूसीएजी २.० ची ‘ए’ आणि ‘एए’ पातळी, त्यांत समाविष्ट केली. जानेवारी २०१८ पासून ती बंधनकारक आहेत. या कलमाची ताकद दंडापेक्षा खरेदीत आहे, असे माझे कामाच्या अनुभवावरून बनलेले मत आहे. सरकार हे फार मोठे गिऱ्हाईक आहे, आणि ते विकत घेण्याआधी सुगम्यतेचा लेखी अहवाल मागते, म्हणून कंपन्या आपल्या वस्तू सुधारतात आणि त्याच सुधारलेल्या वस्तू पुढे विद्यापीठांपर्यंत व बँकांपर्यंत पोहोचतात. तरीही खुद्द सरकारचे घर नीट लागलेले नाही. २०२३ च्या सरकारी मूल्यमापनात, खात्यांची सर्वाधिक वापरली जाणारी संकेतस्थळे, कागदपत्रे आणि चित्रफिती यांपैकी ३० टक्क्यांहून कमी गोष्टी मानकांना पूर्णपणे उतरल्या. मला स्वतःला एका सरकारी कार्यालयाकडून भरण्यासाठी आलेला फॉर्म म्हणजे कागदाचा नुसता फोटो होता. स्क्रीन रीडर त्यावर गप्प बसला. लेखी तक्रार केल्यावर चार महिन्यांनी वाचता येण्याजोगा फॉर्म आला, पण तोपर्यंत माझी मुदत उलटून गेली होती.

तुमच्या विद्यापीठाला मात्र दुसरे दोन कायदे लागू होतात, आणि तुम्ही पाठ करावेत ते हेच. पहिला त्याच १९७३ च्या कायद्यातील कलम ५०४, जो केंद्राचे अनुदान घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला दिव्यांगांशी भेदभाव करण्यास मनाई करतो. दुसरा १९९० चा दिव्यांग हक्क कायदा, ज्याचा दुसरा भाग राज्य सरकारांना आणि म्हणून राज्य विद्यापीठांनाही बांधतो. अशा संस्थांची संकेतस्थळे आणि मोबाइल अ‍ॅप डब्ल्यूसीएजी २.१ ‘एए’ प्रमाणे असावीत, असा नियम न्याय विभागाने एप्रिल २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. हे कायदे कागदावर राहिलेले नाहीत. बोलता न येणारे मेनू असलेले किंडल डीएक्स हे ई-वाचक अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीने वर्गात आणले, तेव्हा अंधांच्या दोन राष्ट्रीय संघटनांनी २००९ साली दावा लावला आणि २०१० च्या सुरुवातीला त्यात समझोता झाला.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जी मला इथे आल्यावर उशिरा कळली. महाविद्यालयीन स्तरावर इथे सवलत आपोआप मिळत नाही. ती विद्यार्थ्याने स्वतः, लेखी आणि कागदपत्रांसह मागावी लागते. प्रत्येक विद्यापीठात दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी एक कार्यालय असते. तुम्ही मागितले नाही, तर प्राध्यापक विचारणार नाहीत, आणि सत्र सुरू झाल्यावर मागितले, तर पुस्तकांच्या सुगम प्रती मिळेपर्यंत निम्मे सत्र संपलेले असेल. म्हणून व्हिसा हातात येण्याची वाट न पाहता या आठवड्यातच त्या कार्यालयाला ईमेल करा: तुमच्या विषयांची पाठ्यपुस्तके स्क्रीन रीडरला वाचता येतील अशा स्वरूपात किती दिवसांत मिळतात, गृहपाठाची प्रणाली स्क्रीन रीडरवर कोणी तपासली आहे का, आणि गणिताची समीकरणे चित्रांत देतात की लेटेक्समध्ये, म्हणजे समीकरणे साध्या अक्षरांत लिहिण्याच्या पद्धतीत. उत्तर कसे येते यावरून त्या विद्यापीठाचा अंदाज येईल.

कागदपत्रांबाबतही सावध राहा. आपल्याकडचे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, आणि अपंगत्वाची ४० टक्के, ७५ टक्के ही भाषा इथे कोणाला कळत नाही. इथे कायदेशीर अंधत्व म्हणजे चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी २०/२०० किंवा त्याहून कमी, अथवा दृष्टिक्षेत्र २० अंशांपर्यंत आकसलेले. आपले नेत्रतज्ज्ञ जे ६/६० लिहितात, ते म्हणजेच २०/२००. तुम्हाला एका डोळ्याने मोठी अक्षरे दिसतात असे तुम्ही लिहिले आहे, तेव्हा डॉक्टरांकडून निदान, दोन्ही पद्धतींतील आकडे, दृष्टिक्षेत्र आणि वाचनात नेमकी काय अडचण येते हे इंग्रजीत, लेटरहेडवर लिहून घ्या. परीक्षेतही फरक पडेल. आपण दहावीपासून लेखनिकावर वाढलो; इथे तुम्ही स्वतः संगणकावर उत्तरे लिहाल, असे गृहीत धरले जाते. लेखनिक मागता येतो, पण संगणकशास्त्राचा कोड दुसऱ्याला सांगून लिहवणे किती कठीण आहे, हे मी अनुभवले आहे. उरलेल्या महिन्यांत एनव्हीडीए या स्क्रीन रीडरवर प्रोग्रॅमिंगचा रोज सराव करा. ते मोफत आहे आणि इथेही सर्रास चालते.

नोकरीविषयी एक गैरसमज दूर करतो. केंद्रीय खात्यांनी आपल्या कर्मचाऱ्यांत १२ टक्के दिव्यांग आणि त्यांत २ टक्के अंधत्वासारखे गंभीर अपंगत्व असलेले लोक ठेवण्याचे उद्दिष्ट असल्याचे तुम्ही वाचले असेल, परंतु त्या नोकऱ्यांना सहसा अमेरिकेचे नागरिकत्व लागते. आपल्यासारख्यांना वाट आहे ती सरकारला माल पुरवणाऱ्या कंपन्यांत. त्यासाठी गृहसुरक्षा खात्याचा ‘ट्रस्टेड टेस्टर’ हा सुगम्यता तपासणीचा मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम उपयोगी आहे. त्यातील काही चाचण्या पडदा पाहूनच करायच्या असतात, त्या तुमच्या दृष्टीला जमतात का ते आधी बघा.

भारतात काहीच नाही अशा समजुतीने मात्र निघू नका. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहेच, आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा राज्यघटनेच्या कलम २१ खालील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले. सुगम्य पुस्तकालय या दिव्यांगांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयातले तुमचे खातेही बंद करू नका, कारण मराठी पुस्तके तुम्हाला तिथेच मिळतील.

शेवटी दोन बारीक गोष्टी. व्हिसाचा डीएस-१६० फॉर्म सुमारे २० मिनिटे न हाताळल्यास बंद होतो, आणि स्क्रीन रीडरने भरताना एवढा वेळ सहज जातो; म्हणून अर्जाचा क्रमांक पहिल्याच पानावर उतरवून घ्या आणि प्रत्येक पानानंतर जतन करा. दुसरे, तारेचे, जुन्या गोल पिनचे इअरफोन बरोबर आणा. इथली एटीएम यंत्रे कायद्याने बोलकी असावी लागतात, पण ती तुमच्याशी बोलतात त्या पिनच्या छिद्रातून, आणि बिनतारी इअरफोन तिथे निरुपयोगी ठरतात.