नागरिकांच्या तक्रारींसाठी वेब ॲप बनवतोय, फॉर्म आणि लॉगिन झालं, आता पुढे काय करू?

फॉर्म आणि लॉगिन झालंय आणि पुढे काय असं तुम्ही विचारलंय, तर आधीच सांगतो की झालाय तो सोपा भाग आहे. तक्रार घेता येते कोणालाही. ती कोणाच्या टेबलावर जाते, तिथे किती दिवस पडून राहते आणि ‘काम झालं’ हे ठरवतं कोण, खरं ॲप इथे आहे.

मी अशाच एका ॲपवर काम केलंय. पहिल्या व्हर्जनमध्ये आमच्या सगळ्या तक्रारी एकाच ईमेलवर जायच्या, तिकडे एकजण प्रिंट काढून वाटेल त्या खात्याकडे कागद पाठवायचे, आणि चुकीच्या खात्याकडे गेलेला कागद परत यायचाच नाही. नागरिकाला मात्र महिनोन्‌महिने ‘प्रलंबित’ एवढंच दिसायचं. एका बाईंनी गटाराच्या उघड्या झाकणाची तक्रार पाच वेळा केली. शाळेत जाणारी मुलं तिथून चालतात असं दरवेळी लिहिलं होतं त्यांनी. आमच्या सिस्टीमने काय केलं, तर ‘डुप्लिकेट’ म्हणून चार तक्रारी बंद केल्या आणि पाचवी चुकीच्या खात्यात पडून राहिली. ते मला अजूनही लागतं.

म्हणून सगळ्यात आधी हद्द आणि खातं हे नीट बांधा. पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरत असाल तर त्याला नकाशाचं काम शिकवणारं पोस्टजीआयएस टाका, खात्यांच्या हद्दी पॉलिगॉन म्हणजे नकाशावरचे बंद आकार म्हणून साठवा, म्हणजे नकाशावरचा पिन कोणाच्या हद्दीत पडतो ते क्वेरीनेच कळतं, नागरिकाला खातं निवडायला लावायचं नाही, त्याला कुठून माहीत असणार. तरी चुका होणारच, मग अधिकाऱ्याला ‘दुसऱ्या खात्याकडे वर्ग करा’ हे बटण द्या, पण वर्ग केल्यावर तक्रार क्रमांक तोच राहिला पाहिजे आणि मुदत पहिल्या दिवसापासूनच मोजली गेली पाहिजे. नाहीतर ती मुदत वाढवायची युक्ती होऊन बसते.

ब्रिटनमध्ये मायसोसायटी या संस्थेने २००७ मध्ये फिक्समायस्ट्रीट ही रस्त्यांच्या तक्रारींची साईट सुरू केली, ती ओपन सोर्स आहे, म्हणजे कोड सगळ्यांना खुला आहे, तो नक्की चाळा. जागा आणि तक्रारीचा प्रकार यावरून कोणाकडे पाठवायचं ते सॉफ्टवेअरच ठरवतं, तक्रार सगळ्यांना दिसते, आणि चार आठवड्यांनी तक्रार करणाऱ्यालाच ईमेल जातो की प्रश्न सुटला का. हा शेवटचा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. अशा तक्रारींची देवाणघेवाण वेगवेगळ्या सिस्टीममध्ये कशी करायची हे ठरवणारं ओपन३११ नावाचं स्टँडर्डही वाचा, पण त्याच्या जिओरिपोर्ट या भागाच्या व्हर्जन २ मध्ये स्टेटस दोनच आहेत, ओपन आणि क्लोज्ड. क्लोज्ड म्हणजे खड्डा बुजवला, की आमच्या हद्दीत नाही म्हणून निकाली काढलं, हे त्या एका शब्दावरून कळत नाही. तुम्ही ‘अधिकाऱ्याच्या मते पूर्ण’ आणि ‘तक्रारदाराला मान्य’ अशा दोन वेगळ्या पायऱ्या ठेवाच, बंद करताना कारण आणि जमेल तिथे फोटो सक्तीचा करा, आणि तक्रारदार नाही म्हणाला तर तीच तक्रार पुन्हा उघडून वरच्या अधिकाऱ्याकडे गेली पाहिजे. स्टेटसचा कॉलम नुसता बदलत राहू नका, वेगळा टेबल करून कोणी, कधी, काय बदललं याची प्रत्येक वेळी नवीन ओळ टाका, जुनी ओळ कोणालाही पुसता येता कामा नये, ॲडमिनलासुद्धा नाही.

डुप्लिकेटचं म्हणाल तर तक्रार पाठवायच्या आधीच आसपासच्या त्याच प्रकारच्या तक्रारी दाखवा आणि ‘मलाही हाच त्रास आहे’ असं बटण द्या. माणसं वाढली की तक्रारीचं वजन वाढलं पाहिजे, बंद होता कामा नये.

आता सुरक्षेचं, इथे हलगर्जीपणा अजिबात करू नका, कारण तक्रार करणारा माणूस कधीकधी ताकदवान माणसाविरुद्ध बोलत असतो. मोबाईलच्या फोटोत एक्झिफ डेटा, म्हणजे फोटोसोबत आपोआप साठणारी माहिती असते, त्यात लोकेशन असू शकतं, घराच्या खिडकीतून काढलेला फोटो असेल तर घरच कळलं, तेव्हा लोकांना दिसणाऱ्या कॉपीतून हा डेटा काढून टाका. नाव आणि नंबर ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला कधीच दिसू नये. तक्रार क्रमांक १, २, ३ असे ओळीने दिले असतील तर लिंकमधला आकडा बदलून दुसऱ्याची तक्रार उघडते का ते आजच तपासा, सर्व्हरवर परवानगी तपासल्याशिवाय काहीही दाखवायचं नाही.

लोकेशन ब्राउझरकडून घ्यायचं तर साईट एचटीटीपीएसवर, म्हणजे सुरक्षित कनेक्शनवर लागते, आणि अचूकता किती मीटरची आहे हेही ब्राउझर सांगतो, ती खराब असेल तर पिन हाताने सरकवायला सांगा. नेट गेलं तर लिहिलेलं उडू नये म्हणून ड्राफ्ट फोनमध्येच सेव्ह करा.

फ्रेमवर्क कुठलं याची फार चिंता नको, जे येतं ते घ्या, जँगो हे पायथनचं फ्रेमवर्क येत असेल तर त्यात ॲडमिन म्हणजे डेटा बघायचा-बदलायचा स्क्रीन तयार मिळतो म्हणून अधिकाऱ्यांच्या बाजूची सुरुवात लवकर होते. मात्र अधिकाऱ्यांचा स्क्रीन बनवायच्या आधी तक्रारी हाताळणाऱ्या एखाद्या माणसाशेजारी दिवसभर बसा. आम्ही बसलो तेव्हा कळलं की त्यांना चार्ट नको होते, आज कुठल्या तक्रारींची मुदत संपतेय एवढीच यादी सकाळी उघडल्या उघडल्या हवी होती.

स्टेटसचा टेबल तयार झाला की इथेच टाका, मी बघून सांगतो.