जुन्या लॅपटॉपसाठी कोणते लिनक्स निवडावे?

प्रश्न : माझा लॅपटॉप २००९ सालचा असून त्यात इंटेलचा कोअर टू डुओ प्रोसेसर, २ जीबी रॅम आणि विंडोज ७ आहे. 'सिस्टीम'च्या माहितीत '३२-बिट' असे दिसते. ब्राउझर उघडायलाच पाच मिनिटे लागतात. दुरुस्तीवाले भंगारात द्या म्हणतात, तर भाचा पपी लिनक्स टाकायला सांगतो. मला मराठी लेखन, ईमेल आणि यूट्यूबवरील कीर्तने एवढेच हवे आहे. पूर्वीचे लेखन श्रीलिपी या मराठी टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. काय करावे?
— एक निवृत्त शिक्षक, सातारा जिल्हा

उत्तर : लॅपटॉप भंगारात देण्याची घाई कृपया करू नका. आपल्याला दिसते ते '३२-बिट' विंडोजच्या आवृत्तीचे वर्णन आहे, प्रोसेसरचे नव्हे. कोअर टू डुओ हा ६४-बिट प्रोसेसर आहे. (नावात 'टू' नसलेला, त्याआधीचा कोअर डुओ मात्र ३२-बिटच होता.) हा फरक महत्त्वाचा आहे, कारण उबुंटू आणि मिंट ही लिनक्सची वितरणे (म्हणजे विंडोजऐवजी बसवता येणारे लिनक्सचे तयार संच) आता केवळ ६४-बिट संगणकांसाठीच निघतात आणि २०२५ च्या डेबियन १३ पासून डेबियन या वितरणानेही ३२-बिट संगणकांवर नव्याने बसवण्याची सोय बंद केली आहे. आपल्याला ही अडचण नाही.

खरी अडचण रॅमची आहे. अँटीएक्ससारखे अतिशय हलके वितरण सुरू झाल्यावर साधारण २०० ते ३०० एमबी रॅम घेते आणि मिंटची एक्सएफसीई (हलक्या डेस्कटॉपची) आवृत्ती त्याच्या दुपटीहून अधिक. परंतु फायरफॉक्समध्ये मेल आणि यूट्यूब शेजारी शेजारी उघडले की वितरण कोणतेही असो, १ जीबी सहज खर्ची पडते. म्हणून वितरण बदलण्याआधी रॅम ४ जीबी करता येते का हे पाहा आणि जुन्या हार्ड डिस्कच्या जागी अडीच इंची साटा जोडणीची एसएसडी (फिरत्या चकतीऐवजी चिपवर माहिती साठवणारी, वेगवान डिस्क) बसवून घ्या. संगणक सुरू होण्याच्या वेळेत पडणारा फरक मुख्यतः एसएसडीमुळे असतो.

एवढे करून घेतल्यास माझी शिफारस निःसंशय लिनक्स मिंट २२ च्या एक्सएफसीई आवृत्तीची आहे. तिची मांडणी विंडोज ७ वापरणाऱ्याला परकी वाटत नाही आणि तिला २०२९ पर्यंत सुरक्षा-अपडेट मिळणार आहेत. रॅम २ जीबीच राहणार असेल, तर अँटीएक्स घ्या. ते दिसायला रुक्ष आहे, पण अशा यंत्रावर नेटाने चालते. पपी मी सुचवणार नाही. ते रॅममध्ये उतरून फार चपळ चालते, हे खरे. मात्र त्याच्या मूळ रचनेत सर्व कामे प्रशासकाच्या अधिकाराने होतात, म्हणजे घुसखोर प्रोग्रामलाही संगणकाचा पूर्ण ताबा मिळू शकतो आणि रोज इंटरनेट वापरणाऱ्याने हा धोका पत्करू नये.

काहीही बसवण्यापूर्वी पेनड्राइव्हवरून 'लाइव्ह', म्हणजे डिस्कवर न बसवता थेट, चालवून पाहा. वायफाय जोडले जाते का, आवाज येतो का आणि झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर पडदा उजळतो का, एवढे तपासा. ब्रॉडकॉमची चिप असलेल्या जुन्या लॅपटॉपवर वायफाय प्रथम अनेकदा दिसतच नाही. तेव्हा मोबाइल यूएसबी केबलने जोडून त्याचे इंटरनेट घ्यावे आणि मिंटच्या 'ड्रायव्हर मॅनेजर'मधून ड्रायव्हर बसवावा. यूट्यूब अडखळले, तर चित्राचा दर्जा ४८०पी वर आणा. कीर्तनाला तेवढे पुरते.

मराठी टंकलेखनासाठी आयबस आणि एम१७एन ही टंकलेखन-सॉफ्टवेअरची जोडी बसवा. तिच्यात इनस्क्रिप्ट या प्रमाणित कळरचनेबरोबर, इंग्रजी अक्षरांनी उच्चारानुसार लिहिण्याची 'गमभन'चीही कळरचना मिळते. मग 'कुऱ्हाड' आणि 'वाङ्मय' हे दोन शब्द लिहून पाहा. पहिल्यातला अर्धा र आणि दुसऱ्यातला ङ नीट उमटला, की फॉन्टची चिंता मिटली.

राहिले श्रीलिपीतील लेखन. ते युनिकोडमध्ये (सर्व संगणकांना समजणाऱ्या अक्षर-संकेतांत) नसल्यामुळे लिनक्सवर तो फॉन्ट नसेल, तर अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतील. यासाठीच जुनी हार्ड डिस्क पुसू नका. एसएसडी बसवल्यावर ती विंडोजसकट जशीच्या तशी यूएसबी केसिंगमध्ये ठेवा, तिच्यातील लेखनाची एक प्रत दुसरीकडे काढा आणि सवडीने, विंडोज असलेल्या एखाद्या संगणकावर, एकेक लेख युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्या. रूपांतरात जोडाक्षरे कधी कधी बिघडतात, तेव्हा प्रत्येक लेख मूळ प्रतीशी ताडून पाहावा लागेल.