शाळेच्या फाटकावर जवान?

प्रश्न : आमच्या गावच्या मराठी शाळेच्या सुरक्षेसाठी प्रादेशिक सेनेचे जवान मागता येतील का?
– एक पालक, खानापूर

उत्तर : नाही. प्रादेशिक सेना (टेरिटोरियल आर्मी) म्हणजे नोकरी-व्यवसाय सांभाळून सेवा देणाऱ्या नागरिकांची राखीव फौज. १९४८च्या कायद्याने उभारलेली ही सेना केंद्र सरकारच्या आदेशानेच सेवेवर बोलावली जाते. शाळेच्या अर्जावरून तिचे जवान मिळत नाहीत. मात्र मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात असल्याने आपल्या भागात निवृत्त सैनिक गावोगावी आहेत, आणि खासगी सुरक्षा संस्थांविषयीच्या २००५च्या कायद्यातही रक्षक नेमताना माजी सैनिकांना प्राधान्य देण्याची तरतूद आहे. तेव्हा एखाद्या माजी सैनिकाला रक्षक नेमण्याचा विषय एसडीएमसीच्या, म्हणजे शाळा विकास व देखरेख समितीच्या, बैठकीत मांडा. पोलीस पडताळणी मात्र कुणाचीही टाळू नका. रक्षकाजवळ बंदूक हवीच, हा आग्रह मात्र मला अजिबात पटत नाही. पहिलीतल्या मुलीला न्यायला आजोबांऐवजी अनोळखी माणूस आला, तर नोंदवहीत नाव पाहून, घरी फोन लावून, तोवर तिला आपल्याजवळ बसवून ठेवणारा रक्षक हवा.