'अज्ञान' की 'अल्पवयीन'? एस्वातिनीतील विवाहितेच्या कायदेशीर दर्जाला मराठीत काय म्हणावे

आफ्रिकेच्या दक्षिण भागातील एस्वातिनी (पूर्वीचे स्वाझीलंड) या राजेशाही देशातील स्त्रियांच्या चळवळीविषयीचा एक लेख मराठीत आणताना एका अनुवादिकेने असे वाक्य लिहिले: "तेथील विवाहित स्त्री कायद्याने अल्पवयीन होती." संपादकांनी 'अल्पवयीन' हा शब्द खोडून 'अज्ञान' केला. अनुवादिकेला तो शब्द अपमानकारक वाटतो. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, घर चालवणाऱ्या स्त्रीला अज्ञान कसे म्हणावे, असे त्या विचारतात. शिवाय त्याच लेखातील 'मॅरिटल पॉवर' या संज्ञेसाठी 'वैवाहिक अधिकार' चालेल का, असाही त्यांचा प्रश्न आहे.

माझ्या मते संपादकांनी सुचवलेला शब्द योग्य आहे, पण वाक्य अजून दुरुस्त झालेले नाही. अनुवादिकेला जे खुपते ते खरेच खुपण्याजोगे आहे. मात्र तो दोष मराठी शब्दाचा नसून ज्या कायद्याचे वर्णन चालले आहे त्या कायद्याचा आहे, आणि अनुवादात तो दोष दिसला पाहिजे.

'अल्पवयीन' हा शब्द वर्षे मोजतो. डच भाषेतील कायद्याचा शब्दही 'कमी वर्षांचा' अशाच अर्थाचा आहे आणि लॅटिनमधून आलेल्या 'मायनर'चा मूळ अर्थ केवळ 'लहान' असा आहे. कायद्याच्या मराठीने मात्र वेगळी वाट धरली. तिने वयाऐवजी समज हा आधार घेतला आणि 'अज्ञान' व 'सज्ञान' ही जोडी रूढ केली. 'अज्ञानत्व' हे भाववाचक नामही त्यातूनच आले. येथे 'अज्ञान' हे विशेषण आहे, ज्ञान नाही ज्याला असा तो अज्ञान, हा बहुव्रीही समास. 'त्याचे अज्ञान दिसून आले' या वाक्यातील नाम आणि 'अज्ञान वारस' यातील विशेषण हे दोन वेगळे प्रयोग आहेत, आणि दुसऱ्यात शिक्षण, हुशारी किंवा माहिती यांचा काहीही संबंध उरलेला नाही. ज्याची सही कायद्याला पुरेशी वाटत नाही, ज्याच्या वतीने दुसऱ्याने सही करावी लागते, तो अज्ञान, एवढाच त्याचा अर्थ. सातबाऱ्यावर 'अ.पा.क.' अशी अक्षरे पाहिलेल्या प्रत्येकाला हा अर्थ ठाऊक असतो: अज्ञान पालनकर्ता. जमीन एकाची असते आणि व्यवहार दुसऱ्याच्या हाती असतो.

आता एस्वातिनीचा कायदा पाहू. तेथे दोन कायदे शेजारी शेजारी नांदतात: दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने आलेला रोमन-डच कायदा आणि स्वाझी रूढी. रोमन-डच कायद्याच्या तर्काने, वयाने सज्ञान झालेली अविवाहित स्त्री स्वतःच्या नावाने करार करू शकत असे आणि न्यायालयात दावाही लावू शकत असे. तीच स्त्री नागरी पद्धतीने विवाहबद्ध झाली आणि विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसला, की हे सारे तिच्या हातून निघून नवऱ्याकडे जात असे, आणि नवरा वारल्यावर ते तिला परत मिळे. म्हणजे एक दिवस सज्ञान, लग्नाच्या दिवसापासून अज्ञान, वैधव्यात पुन्हा सज्ञान. वय तर या तिन्ही अवस्थांमध्ये वाढतच गेलेले असते. 'अल्पवयीन' हा शब्द येथे टिकत नाही तो याच कारणाने. "विवाहित स्त्री अल्पवयीन होती" हे वाक्य वाचून मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे बालविवाह उभा राहील, आणि तो विषय अगदी वेगळा आहे. येथे पस्तिशीतील शिक्षिकेविषयी आणि पन्नाशीतील परिचारिकेविषयी बोलणे चालले आहे.

त्या देशाच्या राजपदांची नावे या संदर्भात आठवल्याशिवाय राहत नाहीत. राजाला 'इंग्वेन्यामा' म्हणजे सिंह म्हणतात आणि राजमातेला 'इंदलोवुकाती' म्हणजे हत्तीण. राजमातेचे स्थान शोभेपुरते नाही; सोभुझा द्वितीय १९८२ मध्ये वारल्यावर प्रथम राणी द्झेलिवे आणि १९८३ पासून राणी न्तफोंबी यांनी राज्याचा कारभार पाहिला आणि १९८६ मध्ये न्तफोंबी यांचे पुत्र म्स्वाती तृतीय गादीवर आले. राज्याचा कारभार स्त्रीच्या हाती असलेल्या त्या वर्षांतही सामान्य विवाहितेचा कायद्यातील दर्जा होता तसाच राहिला. स्त्रीला समज नसते असे त्या समाजाचे सरसकट म्हणणे होते, असा निष्कर्ष म्हणूनच काढता येत नाही. दर्जा समजुतीवर ठरत नव्हता, तो लग्नावर ठरत होता, आणि आपल्या कायद्याच्या मराठीतही 'अज्ञान' हा शब्द माणसाची बुद्धी सांगत नसून त्याचा दर्जाच सांगतो.

'मॅरिटल पॉवर'साठी 'वैवाहिक अधिकार' मात्र चालणार नाही. 'वैवाहिक' म्हटले की विवाहातून दोघांना मिळणारे काहीतरी, असे मराठी वाचक समजतो. पती-पत्नींच्या परस्पर सहवासाच्या हक्काविषयी आपल्याकडील न्यायालयीन चर्चेत 'वैवाहिक हक्क' हा शब्द आधीच वापरात आहे, त्यामुळे गोंधळ वाढेल. मूळ संज्ञेत तीन गोष्टी येतात: घराचा प्रमुख नवरा, पत्नीच्या व्यक्तित्वावर नवऱ्याचा अधिकार (न्यायालयात तिची बाजू त्याने मांडायची हेही त्यातच आले) आणि मालमत्तेवर नवऱ्याचा अधिकार. तिन्ही एकाच दिशेने वाहतात. म्हणून 'पतीची सत्ता' किंवा सलग लेखनात 'पतिसत्ता' असे म्हणावे. 'अधिकार' हा शब्दही मला येथे सौम्य वाटतो, कारण अधिकाराला बहुधा मर्यादा गृहीत धरलेली असते.

अनुवादिकेने विचारलेला नाही, पण त्याच लेखात येणारच असा आणखी एक शब्द आहे. तेथील नागरी विवाहांतील मालमत्तेचा एक प्रकार मराठीत 'सामाईक मालमत्तेचा विवाह' असा होईल. अनुवाद अचूक असला तरी वाचकाला फसवील. आपल्याकडे सामाईक विहीर म्हटली की पाण्याची पाळी ठरलेली असते. सामाईक बांध एकट्याने फोडता येत नाही. एस्वातिनीत मात्र १९६८ च्या दस्त नोंदणी कायद्याचे कलम १६(३) असे सांगत होते की, काही अपवाद सोडता, सामाईक मालमत्तेच्या पद्धतीने विवाहित असलेल्या स्त्रीच्या नावाने स्थावर मालमत्तेची नोंदणी करता येणार नाही. मालमत्ता दोघांची आणि नाव एकाचे, अशी ती व्यवस्था होती. स्त्रियांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या वकील मेरी-जॉइस डू अफाने यांनी आपले घर पती-पत्नी दोघांच्या नावाने नोंदवायला मागितले, तेव्हा निबंधकांनी हेच कलम पुढे केले. त्या न्यायालयात गेल्या. फेब्रुवारी २०१० मध्ये उच्च न्यायालयाने ते कलम राज्यघटनेशी विसंगत ठरवले, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने विसंगती मान्य करून दुरुस्तीचे काम संसदेकडे सोपवले आणि २०१२ मध्ये कायदा दुरुस्त झाला. अनुवादात 'सामाईक' हाच शब्द ठेवावा, पण "नावापुरती सामाईक, ताबा नवऱ्याचा" असा खुलासा पहिल्याच उल्लेखात द्यावा.

या खटल्याच्या पाठीमागे जी राज्यघटना आहे तिच्यातील एका उपकलमामुळे 'अज्ञान' या शब्दाविषयीचे माझे मत पक्के झाले. १२ एप्रिल १९७३ रोजी राजे सोभुझा यांनी जुनी राज्यघटना रद्द केली आणि राजकीय पक्षांवर बंदी घातली. त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ न्यायालयात आधाराला घ्यावी अशी हक्कांची सनदच देशात नव्हती. स्त्रियांवरील अत्याचारांविरुद्ध १९९० पासून काम करणारी 'स्वागा' ही संघटना आणि आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातील स्त्रिया व कायदा या विषयावर संशोधन करणाऱ्या 'विल्सा' या जाळ्याची स्थानिक शाखा यांनी याच काळात पाया रचला. २००४ मध्ये देशाने स्त्रियांविषयीच्या भेदभावाचे उच्चाटन करण्याचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला, आणि २००५ च्या राज्यघटनेत कायद्यापुढील समानता (कलम २०) व स्त्रियांचे हक्क (कलम २८) आले. कलम २८ चे तिसरे उपकलम असे की, जी रूढी स्त्रीच्या विवेकबुद्धीला पटत नाही ती पाळण्याची किंवा तिच्यातून जाण्याची सक्ती तिच्यावर करता येणार नाही.

म्हणजे राज्यघटना तिच्या ठायी विवेक आहे असे मानत होती आणि त्याच वेळी विवाहाचा कायदा तिला अज्ञान गणत होता. 'अल्पवयीन' लिहिले तर ही टक्कर मराठीत ऐकूच येत नाही. 'अज्ञान' लिहिले की 'विवेक' त्याच्या समोर येऊन उभा राहतो. न्यायालयांना पुढील काळात जो प्रश्न सोडवावा लागला तो नेमका हाच होता. अनुवादिकेला ज्या शब्दाचा राग येतो तो राग वाचकालाही यावा, असे मला मनापासून वाटते.

हा शिक्का आपोआप पुसला गेला नाही, हेही सांगण्यासारखे आहे. आमच्या घरच्या जुन्या सातबाऱ्यावर एका काकांच्या नावापुढे 'अ.पा.क. आई' हा शेरा ते आजोबा झाल्यावरही तसाच होता; कोणी अर्ज केला, फेरफार झाला, तेव्हा तो निघाला. एस्वातिनीतही राज्यघटना लागू झाली म्हणून जुने नियम गळून पडले नाहीत. प्रत्येक वेळी कोणा एका स्त्रीला न्यायालयाची पायरी चढावी लागली. नवऱ्याच्या साहाय्यावाचून पत्नीला दावा लावता येत नाही हा नियम २०१३ मध्ये उच्च न्यायालयाने घटनाविरोधी ठरवला. ऑगस्ट २०१९ मध्ये 'विल्सा'चाही अर्जदारांत समावेश असलेल्या खटल्यात त्याच न्यायालयाने पतिसत्तेचे तत्त्वच रद्द केले, आणि १९६४ च्या विवाह कायद्याची २४ व २५ ही कलमेही. त्यांतील २४ व्या कलमाने आफ्रिकी जोडप्यांच्या नागरी विवाहांतही, त्यांनी आधी वेगळे ठरवले नसेल तर, पतीच्या अधिकाराबाबत स्वाझी रूढी लागू केली होती. त्याच खंडभागातील लेसोथो या दुसऱ्या राजेशाही देशात हे काम २००६ मध्ये संसदेने एका कायद्याने केले.

आता वाक्याकडे येऊ. 'होती' हे क्रियापद बदलणे सर्वांत आवश्यक आहे. "स्त्री अज्ञान होती" म्हटले की तो तिचा गुण ठरतो. "अज्ञान गणली जाई" म्हटले की गणणारा कोणीतरी आहे हे कळते. मराठीत 'लेखी' हा शब्द याच कामासाठी आहे. "नागरी पद्धतीने विवाह केलेली स्त्री, तिचे वय काहीही असो, कायद्याच्या लेखी अज्ञान गणली जाई आणि तिच्या वतीने नवरा व्यवहार करी," असे मी लिहीन. पहिल्या उल्लेखात 'कायद्याच्या लेखी' अवश्य असावे. पुढे 'अज्ञानत्व' हे नाम वापरले तर पुनरुक्ती टळेल. 'नाबालिग' किंवा 'अवयस्क' हे शब्द हिंदीच्या वळणाचे वाटतात, आणि 'नेणती' कानाला गोड असला तरी त्यात कौतुक मिसळते, म्हणून तो येथे नको.

काळाविषयीही सावध राहावे. वरील भूतकाळ नागरी विवाहांपुरताच योग्य आहे. राजाने राष्ट्राच्या वतीने विश्वस्त म्हणून धारण केलेली जी जमीन गावोगावचे प्रमुख वाटून देतात, तिच्यासाठी प्रमुखापुढे निष्ठा वाहून जागा मागण्याची 'कुखोंता' नावाची रीत आहे. त्या रीतीने स्त्रीला जमीन बहुधा नवरा, भाऊ किंवा मुलगा अशा पुरुष नातलगाच्या द्वारेच मिळत आली आहे. त्या परिच्छेदात "गणली जाई" असे लिहू नये. तेथे "मिळत आली आहे" हीच रचना ठेवावी.