ताई, टेस्टरची नोकरी आता राहील का?

"ताई, सॉफ्टवेअरचं टेस्टिंग सगळं एआय करणार म्हणतात. मग माझं काय?" सुपर कॉरिडॉर या आयटी पट्ट्यातल्या कंपन्यांत काम करणारी बरीच मुलंमुली सध्या हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात. आयटीत नोकरी लागली की पोरगं मार्गी लागलं, असं इंदूरच्या आपल्या मराठी घरांत आजवर धरून चाललेलं असतं. त्यामुळे ही काळजी एकट्याची राहत नाही, घराच्या हप्त्यापासून सासूबाईंच्या औषधांपर्यंत सगळं त्यात येतं. एकीची हकीगत तिच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते.

वय चाळिशीच्या आसपास. बी.एस्सी. करून टेस्टिंगचा कोर्स केला, तेव्हापासून मॅन्युअल टेस्टर, म्हणजे सॉफ्टवेअर स्वतः हाताने वापरून चुका शोधणारी. टीममधल्या काही जणांना बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना, बसवलं आणि हिची झोप उडाली. रात्री मोबाइलवर कोर्स शोधायची, पैसे भरायची, दोन व्हिडिओ बघून सोडून द्यायची. पायथन, सेलेनियम, प्रॉम्प्ट इंजिनिअरिंग, शिवाय डेटा सायन्सही. नवरा म्हणायचा, "काही होत नाही गं, उगाच डोक्याला ताप करून घेतेस." तो बिचारा धीर द्यायला म्हणत होता, पण तिला वाटायचं, माझी भीती याला कळतच नाही.

तुझी भीती खोटी नाही, हे मी तिला आधी सांगितलं. अशा वेळी खोटा दिलासा देणं म्हणजे समोरच्याचं नुकसान करणं, असं मला ठामपणे वाटतं. एक्सेलमधल्या पायऱ्या वाचायच्या, बटण दाबायचं, पास किंवा फेल लिहायचं, एवढंच ज्याचं काम आहे त्याचं काम खरोखर कमी होतंय. टेस्ट आपोआप चालवणारं सेलेनियम हे साधन 2004 मधलं, मायक्रोसॉफ्टचं तसंच प्लेराइट 2020 मधलं. म्हणजे तेच ते रिग्रेशन, दर बदलानंतर जुनं सगळं पुन्हा तपासणं, यंत्राकडे जाणं जुनंच आहे. आता स्क्रिप्टचा, म्हणजे त्या साधनाला द्यायच्या सूचनांचा, मसुदाही चार ओळी सांगितल्या की तयार मिळतो, हे मात्र नवं.

मग तिला विचारलं, "अलीकडे कुठला बग सापडल्यावर तुला मनापासून बरं वाटलं?"

"तसं खास काही नाही," म्हणाली. थोडं थांबून एका पॅथॉलॉजी लॅबच्या बिलिंगचं सांगायला लागली. लॅबच्या दरपत्रकात होतं, वय 60 व त्यापुढे असेल तर सवलत. डेव्हलपरने कोडमध्ये लिहिलं, 60 पेक्षा जास्त. एआयने तोच कोड वाचून 59, 60 आणि 61 अशा तिन्ही वयांच्या टेस्ट बनवल्या. 60 ला सवलत नाही, हेच बरोबर उत्तर म्हणून लिहिलं. सगळं हिरवं, म्हणजे पास! हिने दरपत्रक उघडून बघितलं म्हणून चूक पकडली गेली, नाहीतर साठी पूर्ण झालेल्या माणसाने वर्षभर पूर्ण पैसे भरले असते.

हे सांगताना तिचा आवाज बदलला होता. मी म्हटलं, "बघ, कोड काय करतो हे यंत्राने तपासलं. त्याने काय करायला हवं होतं, हे तू विचारलंस." सीमेवरचे आकडे काढणं यंत्राला जमलंच होतं. अपेक्षित उत्तर कुठून आणायचं, हे माणसाने ठरवलं. टेस्टरने जपायची जागा हीच आहे, आणि ती जपायची तर व्यवसायाचे नियम आणि वापरणाऱ्याची अडचण खोलात जाऊन समजून घ्यावी लागते.

घरी जाऊन आठवडाभराची कामं एका वहीत लिहायला सांगितली. कुठलं यंत्राला देता येईल आणि कुठे स्वतःचा निर्णय लागला, याच्या समोर खुणा करायच्या. पुढच्या भेटीत वही घेऊन आली तेव्हा यंत्राला देता येईल अशाच खुणा जास्त होत्या. ती रडली. पण सगळंच गेलं आणि एवढं गेलं, यांत फरक असतो, आणि तो कागदावर दिसला की डोकं चालायला लागतं. त्या वहीवरूनच ठरलं की डेटा सायन्स नको. एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) आणि एपीआय (दोन सॉफ्टवेअर एकमेकांशी बोलतात तो दुवा) टेस्टिंग आधी, मग प्लेराइट, तेही एआयने लिहिलेली स्क्रिप्ट वाचून चूक ओळखता येईल इतपत.

तिच्या कंपनीत एका क्लायंटसाठी चॅटबॉट बनत होता. तो तपासायचं काम तिने मॅनेजरकडून मागून घेतलं. एकच प्रश्न दोनदा विचारला तर चॅटबॉट दोन वेगळी उत्तरं देऊ शकतो, त्यामुळे तिथे ठरलेल्या एका वाक्याशी ताडून पास-फेल करता येत नाही. काय चालेल, काय अजिबात चालणार नाही, हे आधी ठरवावं लागतं. एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला घरातल्या मृत्यूनंतरच्या भाडेसवलतीची चुकीची माहिती दिली आणि 2024 मध्ये तिथल्या न्यायाधिकरणाने कंपनीलाच भरपाई द्यायला लावली. ही गोष्ट तिने मीटिंगमध्ये सांगितली, तेव्हा मॅनेजरने तिला अशा चुकीच्या उत्तरांची वेगळी यादी करायला सांगितली.

पगार वाढलेला नाही, नोकरीची हमीही कुणी दिलेली नाही. एका भेटीला मी नवऱ्यालाही बोलावलं. "काही होत नाही" म्हणण्याऐवजी झालंच तर काय करायचं, यावर दोघं पहिल्यांदा नीट बोलले. गृहकर्जाचे जादा हप्ते भरायची घाई सध्या थांबवायची आणि आधी सहा महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात जमवायचा, असं त्यांनी ठरवलं आहे.